एचएसके ५ झालं, तरी चिनी कादंबरी तिसऱ्या पानावर अडते : पुस्तक किती अवघड आहे हे स्वतः कसं मोजायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला हाच प्रश्न विचारतं. गेल्या वेळी नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारला. एचएसके म्हणजे चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेची पाचवी पातळी चांगल्या गुणांनी पास, अडीच हजारांच्या आसपास अक्षरं ओळखीची, रोज तासभर वाचायची तयारी. कुणीतरी ‘सोपी आहे’ म्हणून सुचवलेली कादंबरी तिने मागवली आणि तिसऱ्या पानावर गाडी थांबली. तिचं वाक्य होतं, “सर, शब्द येतात पण गोष्ट कळत नाही.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. अख्ख्या दुखण्याचं निदान त्यातच आहे, पण ते मलाही बऱ्याच वर्षांनी कळलं.

बहुतेक जण इथे एकच उपाय करतात : आणखी शब्द पाठ करतात. कधी तो लागू पडतो, बऱ्याचदा पडत नाही. कारण पुस्तक ‘अवघड’ असण्याची कारणं तीन-चार वेगळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. आधी कारण शोधू.

सुरुवातीची तपासणी : पेन्सिल आणि तीन पानं

पुस्तकातली तीन पानं निवडा. पहिलं पान नको. तिथे लेखक गाव, ऋतू, माणसं उभी करत असतो आणि वर्णनाचे शब्द दाटीने येतात. पहिल्या प्रकरणातलं दुसरं-तिसरं पान घ्या, मग पुस्तकाच्या एक तृतीयांशावरचं एक आणि दोन तृतीयांशावरचं एक. शब्दकोश बाजूला ठेवून वाचा आणि दोनच खुणा करा.

अनोळखी शब्दाखाली ठिपका. आणि ज्या वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे आहेत, तरी वाक्य कळलं नाही, त्याखाली नागमोडी रेघ.

ही दुसरी खूण फार महत्त्वाची आहे. ठिपके सगळेच मोजतात, रेघा कुणी मोजत नाही. तीनही पानं झाली की पुस्तक मिटा आणि प्रत्येक पानावर काय घडलं ते मराठीत मोठ्याने सांगा. कोण, कुठे, कुणाला काय म्हणालं, एवढं सांगता आलं तरी पुरे.

आता हिशेब. चिनी पुस्तकाच्या साध्या पानावर ५०० अक्षरं धरू. सलग मजकुरात शब्दाची सरासरी लांबी दीड अक्षराच्या आसपास पडते, म्हणजे पानावर साधारण ३३० शब्द. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या नावाशी जोडलेला ९८ टक्क्यांचा आकडा तुम्ही ऐकला असेल : कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द माहीत हवेत. तो इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून आला आहे, पण अंदाजाला चालतो. त्या हिशेबाने पानावर सहा-सात ठिपके असतील तर आरामात वाचता येईल. सोळा-सतरा म्हणजे ९५ टक्के. शब्दकोश हाताशी ठेवून, मेहनतीने जमेल. तीसच्या वर गेले तर ते पुस्तक सध्या कपाटात ठेवा. रेघांसाठी असा अभ्यासातला आकडा माझ्याकडे नाही. इतकी वर्षं शिकवताना दिसलं ते सांगतो : पानावर तीनपेक्षा जास्त रेघा आल्या तर ठिपके कितीही कमी असोत, गोष्ट हातातून निसटते.

ठिपके खूप, रेघा कमी : हा बरा होणारा आजार आहे. ठिपके कमी, रेघा खूप : शब्दांच्या याद्या बंद करा, पुढे सांगतो ते करा. दोन्ही खूप : पुस्तक बदला. त्यात कमीपणा काही नाही.

“पण पुस्तकावर एचएसके ४ लिहिलंय!”

कुठलं एचएसके, हे आधी बघा. २०१० च्या सुमारास आलेल्या सहा पातळ्यांच्या परीक्षेत चौथ्या पातळीला १२०० शब्द होते, पाचवीला २५०० आणि सहावीला ५०००. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नऊ पातळ्यांच्या प्रमाणकात चौथ्या पातळीपर्यंतचे शब्द ३२४५ होतात आणि सातवी ते नववी धरून एकूण ११,०९२. म्हणजे ‘पातळी ४’ ही एकच चिठ्ठी १२०० शब्दांच्या पुस्तकावरही असू शकते आणि ३२४५ शब्दांच्या पुस्तकावरही. छपाईचं वर्ष बघितल्याशिवाय चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.

त्याहून मोठी अडचण म्हणजे परीक्षेचे शब्द आणि कादंबरीचे शब्द यांचं गोत्र वेगळं. परीक्षेत पर्यावरण, गुंतवणूक, मुलाखत, वाहतूक. कादंबरीत खांद्यावर ओझं टाकणं, उकिडवं बसणं, डोळे वटारणं, बाही ओढणं, कुजबुजणं. परीक्षेला हे शब्द फारसे लागत नाहीत, गोष्टीला मात्र दर पानावर लागतात. इथे एक आधार आहे. चिनीत हाताने करायच्या क्रियांच्या अक्षरांत बहुधा डाव्या बाजूला हाताचं चिन्ह असतं. असं अक्षर अनोळखी असलं तरी ‘हाताने काहीतरी केलं’ एवढं कळतं आणि गोष्ट पुढे जाते. अशा शब्दांना मी अर्धा ठिपका देतो.

शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेल्या पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या जास्त भरवशाच्या असतात, फक्त त्या काय मोजतात ते बघायला हवं. पेकिंग विद्यापीठ प्रकाशनाची ‘चायनीज ब्रीझ’ मालिका शब्द मोजते : पहिली पातळी ३००, मग ५००, ७५०, ११००. ‘मँडरिन कंपॅनियन’ अक्षरं मोजते : १५०, ३००, ४५०. एका मालिकेतले ३०० म्हणजे दुसरीतले ३०० नव्हेत.

“मला अडीच हजार अक्षरं येतात” हा आकडा का फसवतो

१९८८ च्या नित्य वापराच्या अक्षरांच्या यादीत पहिल्या गटात २५०० अक्षरं आहेत आणि चाचणीसाठी घेतलेल्या मजकुरातला सुमारे ९८ टक्के भाग त्यांनी व्यापला होता. हे वाचून माणूस निश्चिंत होतो. पण ५०० अक्षरांच्या पानावर दोन टक्के म्हणजे दहा अनोळखी अक्षरं. ती दहा वेगवेगळ्या शब्दांत विखुरली तर ३३० पैकी दहा शब्द गेले, म्हणजे शब्दांच्या हिशेबात आपण तिथेच ९७ वर आलो. आणि ज्या शब्दांतली दोन्ही अक्षरं येतात पण शब्द येत नाही, ते अजून धरलेलेच नाहीत.

‘मा’ म्हणजे घोडा आणि ‘शांग’ म्हणजे वर. ‘माशांग’ म्हणजे लगेच. ‘दोंग’ पूर्व, ‘शी’ पश्चिम. ‘दोंगशी’ म्हणजे वस्तू. ‘ह्वा’ फूल, ‘शंग’ जन्मणं. ‘ह्वाशंग’ म्हणजे शेंगदाणा. हे शब्द पहिल्या वर्षातच शिकतो म्हणून खटकत नाहीत. पण याच घडणीचे हजारो शब्द पुढे भेटतात आणि अक्षरं ओळखीची असल्यामुळे डोळा त्यांच्यावरून सरकून जातो. ठिपके देताना स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : मला हा शब्द येतो, की त्यातली अक्षरं येतात? नाशिकच्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा तीन पानांवर मिळून अकरा ठिपके दिले होते. हा प्रश्न विचारून पुन्हा वाचलं तेव्हा एकवीस निघाले.

सॉफ्टवेअर म्हणतं ९७ टक्के

मजकूर टाकला की अनोळखी शब्द मोजून देणारी साधनं आता सहज मिळतात. मीही वापरतो, पण आकडा जसाच्या तसा घेत नाही.

चिनी लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे यंत्राला अंदाजाने ठरवावं लागतं. याचं चीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे नानजिंगच्या पुलाचं नाव. सात अक्षरं. ‘नानजिंग शहर, चांगजियांग महापूल’ असं तोडलं तर १९६८ मध्ये खुला झालेला यांगत्से नदीवरचा पूल. चौथं अक्षर अलीकडे ओढलं तर ‘नानजिंगचे महापौर, जियांग दाच्याओ’ नावाचे गृहस्थ. तेच अक्षर नदीच्या नावात ‘चांग’ आणि महापौर या शब्दात ‘जांग’ वाचलं जातं. माणूस संदर्भाने चटकन सोडवतो. यंत्र प्रसिद्ध उदाहरण बरोबर सोडवेल, पण ओळीमागून ओळी तोडताना कुठेतरी चुकतंच. चुकलं की ओळखीचा शब्द अनोळखी ठरतो किंवा उलटं होतं.

दुसरी गडबड विशेषनामांची. चिनीत इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे नाव हे नाव आहे हे डोळ्यांना कळत नाही. भाषांतरित कादंबऱ्यांत तर परदेशी नावांसाठी पाच-सहा अक्षरं नुसत्या उच्चारासाठी वापरलेली असतात; त्यांचा अर्थ लावत बसलात तर दिवस जातो. (नाव आणि आडनाव यांच्या मधोमध बारीक ठिपका दिसला की ते परदेशी नाव समजा.) यंत्र या सगळ्यांना अनोळखी शब्द मोजतं आणि पुस्तक आहे त्यापेक्षा अवघड दाखवतं. उपाय सोपा आहे : पहिल्याच दिवशी नावांची यादी काढा, जाड कागदावर लिहा आणि तीच वाचनखूण म्हणून वापरा.

नाव ओळखीचं निघालं की मजकूर किती हलका होतो याचं आपल्या घरचं उदाहरण द्यायचं तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी मजकुरात ते ‘क दीह्वा’ असतात. शब्दयादीत ही तीन अक्षरं एकत्र सापडणार नाहीत. पण एकदा हे कोटणीस आहेत हे कळलं की मराठी वाचकाला पुढची दहा वाक्यं संदर्भाने उलगडतात : उत्तरेकडची युद्धभूमी, इस्पितळ, त्यांच्या आधीचे कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून, ज्यांना चिनीत ‘बाय च्यूअन’ म्हणतात. कोटणीसांच्या मुलाचं नाव ‘यिनह्वा’, त्यात ‘यिन’ भारताचा आणि ‘ह्वा’ चीनचा. चिनी मूळ मजकूर वाचण्याची पहिली धडपड कोटणीसांवरच्या एखाद्या छोट्या लेखाने करा, असं मी मराठी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. विषय आधीच माहीत असणं ही पाचशे शब्दांइतकी शिदोरी असते.

“मुलांचं पुस्तक घेतलं, तेही जड जातंय”

इथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. दहा वर्षांच्या मुलांसाठीची कादंबरी मोठ्या आत्मविश्वासाने घेतली आणि दोन आठवड्यांत सोडली. तेव्हा स्वतःला दोष दिला. आज कारण कळतं.

चीनच्या शालेय अभ्यासक्रमात दुसरी संपेपर्यंत सुमारे १६०० अक्षरं ओळखायची असतात आणि सहावी संपेपर्यंत ३०००. पण त्या मुलाच्या कानात त्याआधीच अख्खी बोली भाषा असते. चुलीवरचं भांडं, अंगणातलं पाखरू, आजीची दटावणी हे सगळे शब्द तो जगलेला असतो, फक्त त्यांची अक्षरं शिकत असतो. आपण उलट्या दाराने येतो : ‘अर्थव्यवस्था’ येते, ‘बेडूक उडी’ येत नाही.

त्यात नादशब्द आणि रंगछटा. चिनीत ‘ल्यूयोयो’ म्हणजे हिरवंगार, ‘ल्यांगजिंगजिंग’ म्हणजे लखलखीत. मराठी शिकणारा परदेशी माणूस पिवळाधमक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र यांच्यावर कसा अडखळेल, तसंच हे. त्याला ‘पिवळा’ येत असतो, ‘धमक’ शब्दकोशात शोधून उपयोग नसतो. असे शब्द आले तर रंग समजून पुढे जा, ठिपका देऊ नका. त्साओ वन्श्वेन हे २०१६ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळवणारे पहिले चिनी लेखक. मुलांसाठी लिहितात म्हणून शिकणारे त्यांच्याकडे लवकर वळतात. त्यांचं गद्य सुंदर आहे, पण पाणी, वेत, गवत, उजेड यांच्या वर्णनांनी भरलेलं. पहिलं पुस्तक म्हणून मी ते कुणाच्या हाती देणार नाही. याउलट यू ह्वा यांची १९९३ सालची ‘ह्वोज’ मोठ्यांची कादंबरी आहे, दुःखाने भरलेली, पण एक म्हातारा शेतकरी आपल्या तोंडाने गोष्ट सांगतो, त्यामुळे शब्द साधे. तिथे अडथळा येतो तो माओच्या काळातल्या इतिहासाचा : कम्यून, कामाचे गुण, सार्वजनिक भोजनघर, घरोघरची भांडी वितळवून केलेलं पोलाद. त्या काळावरचं एखादं मराठी किंवा इंग्रजी प्रकरण आधी वाचून घ्या, मग हे शब्द ठिपके राहत नाहीत.

ठिपके कमी, रेघा खूप

आता नाशिकच्या विद्यार्थिनीच्या मूळ दुखण्याकडे. तिच्या तीन पानांवर एकवीस ठिपके, म्हणजे पानाला सात. उत्तम. पण रेघा पहिल्या पानावर पाच, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर पाच.

रेघा येण्याची कारणं मला मुख्यतः दोन दिसतात. पहिलं म्हणजे लेखी भाषेचा थाट. आधुनिक गद्यातही जुन्या अभिजात चिनीचे ‘जर्’, ‘ची’, ‘अर’, ‘यू’ असे एकाक्षरी शब्द मिसळलेले असतात. प्रत्येक अक्षर ओळखीचं, पण त्यांचं वाक्यातलं काम वेगळं. त्यांच्या जोडीला ‘चंगयू’ म्हणजे चार अक्षरी वाक्प्रचार, ज्यांच्यामागे अनेकदा एखादी जुनी कथा असते. लू शून यांच्यासारख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखकांत हे प्रमाण जास्त. आणि पूर्ण अभिजात ग्रंथाकडे वळलात तर ठिपक्यांची मोजणी निरर्थकच होते. मराठी विद्यार्थ्यांना ह्युएनत्संगचा इ.स. ६४६ मधला प्रवासवृत्तान्त मुळातून वाचायची ओढ असते, कारण त्यात महाराष्ट्र आहे, इथली माणसं उपकार स्मरतात आणि अपमान सोसत नाहीत असं वर्णन आहे. ती ओढ मला फार मोलाची वाटते. पण शेजारी आधुनिक चिनी भाषांतर छापलेली आवृत्तीच घ्या. नुसतं मूळ घेऊन बसलात तर निम्म्याहून जास्त अक्षरं येऊनही वाक्य उभं राहणार नाही.

दुसरं कारण जास्त लपलेलं आहे आणि विद्यार्थिनीचं तेच होतं. चिनी लेखक कर्ता गाळतो. मराठीतही आपण गाळतो, पण आपल्याकडे क्रियापद सगळं सांगून टाकतं. ‘आली, पिशवी ठेवली, म्हणाली’ यात बाई आहे हे कळतं. ‘आला’ म्हटलं की पुरुष. चिनी क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. ‘लाय ल’ म्हणजे आला, आली, आले, आलो, काहीही. एका परिच्छेदात सासू, सून आणि मुलगा असले आणि चार वाक्यांत कर्ताच नसला, तर शब्द सगळे कळूनही कुणी कुणाला बोल लावला ते कळत नाही. मराठी कान क्रियापदाच्या शेवटाची वाट बघतो आणि तो शेवट येतच नाही.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. पहिली वीस पानं प्रत्येक कर्ताहीन क्रियापदाच्या डोक्यावर पेन्सिलीने कोण ते लिहायचं : ‘सू’, ‘सा’, ‘मु’. चुकलं तर खोडायचं. हळूहळू नियम अंगवळणी पडतो : बहुधा मागच्या वाक्याचा विषय पुढे चालत राहतो आणि तो बदलला की लेखक नवं नाव घेतो.

या बाबतीत मराठीने आपल्याला दोन देणग्याही दिल्या आहेत, त्या वापरा. ‘काल बाजारातून आणलेली भाजी’ यात विशेषण म्हणून आलेला अख्खा भाग नामाच्या आधी येतो, चिनीतही तसाच, शेवटी ‘द’ लावून. लांबलचक वाक्यात तो ‘द’ शोधा आणि त्याच्या आधीचा मजकूर मनात ‘-लेला, -णारा’ लावून वाचा, गाठ सुटते. आणि नाती. आत्या, मावशी, मामा, काका हे आपल्याकडे वेगळे आहेत तसेच चिनीत आहेत : ‘गूगू’ आत्या, ‘ज्योज्यो’ मामा, वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’. कुटुंबाच्या गोष्टी आपल्याला म्हणून तुलनेने लवकर उलगडतात.

ठिपके खूप असतील तर

सगळे ठिपके पाठ करू नका. कुठल्याही कादंबरीतल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे अख्ख्या पुस्तकात एकदाच येतात. तीन पानांवर पुन्हा पुन्हा दिसणारे, किंवा सॉफ्टवेअरच्या यादीत सर्वांत वर असलेले पन्नास-साठ शब्द आधी शिका, बाकीचे वाटेत सोडा. एकाच लेखकाचं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जातं ते याचमुळे. आणि आवृत्ती तपासा : तैवान किंवा हाँगकाँगची असेल तर पारंपरिक अक्षरं असतील. चीनमधल्या सोप्या अक्षरांवर शिकलेल्याला तीच गोष्ट दुप्पट जड वाटते, आणि तो दोष पुस्तकाच्या भाषेचा नसतो.

विद्यार्थिनीने पुस्तक बदललं नाही. डोक्यावर अक्षरं लिहीत वीस पानं काढली, मग तीच चाचणी पुढच्या तीन पानांवर घेतली. ठिपके आठ, सात, नऊ, म्हणजे जवळपास होते तेवढेच. रेघा दोन, एक, दोन. आता ती चौथ्या प्रकरणात आहे आणि सासूचा तिला राग येऊ लागला आहे.